बस्त्याच्या दिवशी घेतलेले स्पीकर

मांडवात मोठे स्पीकर वाजायला लागले की माझ्या नाकात खर्ऱ्याचा, घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, वास शिरतो. जवळपास कोणी खर्रा खाणारे नसले तरी शिरतो. बायका म्हणतात, हिला गाण्याचे वावडे आहे. तसे नाही. भांडी घासून झाली की मी रेडिओ हळू आवाजात लावून बसत असे, आणि गाण्यातला एकेक शब्द मला ऐकायला हवा असे. किळस आहे ती त्या खोक्यांची. एका दुपारी बसली आणि मग गेलीच नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी नणंद परकरात होती. सासूबाई आधीच वारल्या होत्या, त्यामुळे तिच्या वेण्या मी घातल्या, तिला पहिले लुगडे मी नेसवले. घरात तिच्याशीच माझे बोलणे. बाकी माणसांसमोर माझी जीभ उचलत नसे. सासऱ्यांपुढे तर सुनेने बोलायचेच नाही अशी आमच्याकडची रीत. त्यांना काही सांगायचे असले तर मी नणंदेला सांगे आणि ती त्यांना सांगे. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज ऐकला असेल तो चुलीपाशी लेकराला रागावतानाचा.

नणंदेला पाहायला मोहाडीकडचे पाहुणे आले ते दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेच्या दिवसांत, घरोघरी पाहुणे असतात तेव्हा. मुलगा, त्याचा मामा आणि दोन बायका. मुलाला वडील नव्हते, सगळा कारभार मामाच्या हातात. पोहे खाता खाता मामाने तिला नाव विचारले, सैपाक येते का विचारले, तिकडून इकडे चालायला लावले. मुलगा बशीतले शेंगदाणे वेचत होता. त्याने मान वर केली ती चहा आला तेव्हा. बशी रिकामी व्हायच्या आत होकार आला. घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला.

साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मुलाला टेपरेकॉर्डर दिला. तसे ठरलेच होते. पुढे माघात बस्ता ठरला. आमच्याकडे बस्त्याला दोन्हीकडची माणसे मिळून दुकानात जातात, लग्नाची लुगडी-धोतरे घेतात, आणि गाठोडे बांधले की दोन्हीकडच्या सवाष्णी त्याला हळदकुंकू आणि अक्षता वाहतात. त्या अक्षतांचे तांदूळ नणंदेने स्वतः निवडले होते. सासऱ्यांनी नव्या धानातले वेगळे काढून ठेवले होते आणि ती अंगणात सूप घेऊन बसली होती. अक्षतांना तुटका दाणा चालत नाही. एखादा टोक गेलेला दाणा सापडला की ती मला दाखवी, "हा चालते का वहिनी?" आणि मी नाही म्हटले की कोंबड्यांना टाकी. कुंकू लावून ते तांदूळ तिने छोट्या पितळी डबीत भरले. "उरले तं वापस आना," म्हणाली. "लगनाच्या अक्षतांत मिसळू."

बस्ता लाखनीला झाला. आमच्याकडून हे आणि मी गेलो होतो. कापडाच्या दुकानात सगळे नीट पार पडले. गाठोडे बांधले, अक्षता वाहिल्या, थोड्या उरल्या. त्यांच्याकडच्या बायका गाठोडे घेऊन स्टँडवर गेल्या. आम्हीही निघणार, तेवढ्यात मामाने ह्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"भाऊ, एक काम राह्यलं जी. पोराच्या टेपचा आवाज लहान येते. घरातल्या घरात ऐकू येते फक्त."

"घरातच ऐकाचा होय ना मामाजी," हे हसून म्हणाले.

"असं कसं? लगन झाल्यावर चार लोकायले कळाले पाहिजे का नाही, का सासरचा माल होय म्हनून?"

मुलाने पिशवीतून आम्ही दिलेला टेप काढला. म्हणजे घरूनच ठरवून आणला होता. रस्त्यापलीकडे रेडिओ-टेपचे दुकान होते. हे त्यांना कधीच नाही म्हणत नसत. लग्न जमलेल्या पोरीचा भाऊ काय बोलणार, असे त्यांचे म्हणणे. मला म्हणाले, "चाल, पाच मिनिटं लागतीन."

दुपार गेली त्या पाच मिनिटांत.

दुकान रस्त्याला लागूनच. ट्रक गेला की काचेचे कपाट थरथरे. आत भिंतीला लावून स्पीकरचे खोके रचलेले, काही कंपनीचे, काही दुकानदारानेच फळ्या ठोकून केलेले. गरम रेक्झिन आणि डिंकाचा वास कोंडला होता. मी दाराशी पदर सावरून उभी राहिले. स्टूल कोणी दिले नाही, आणि दिले असते तरी मी बसले नसते.

दुकानदार समजूतदार माणूस होता. त्याने आधी एक लहान जोडी लावली. गाणे सुरू झाले आणि मी चकित झाले. गाणारी बाई श्वास कुठे घेते तेही ऐकू येत होते. पेटी डावीकडून, तबला उजवीकडून. मला वाटले, हेच घ्यावे, आमची पोरगी दुपारी हे ऐकत बसेल. 

"हे काय मच्छर वाजून राह्यले?" मुलगा म्हणाला. "मोठे लावा."

मोठे लावले. मुलाने त्याच्या जाळीला कान टेकवला. डोक्याला इतके तेल, की कान काढला तेव्हा जाळीच्या कापडावर काळा गोल उमटला. मग मामाने खोका फिरवून पाठ पाहिली. बोटाच्या सांध्याने ठोकून पाहिले. उचलून वजन पाहिले. "लाकूड पक्कं होय ना? ओल धरत तं नाही? आवाज फाटत नाही ना? दोन वर्षानं बसला तं कोन पाह्यल?" एक जोडी पसंत पडेना की दुसरी, दुसरी पडेना की पहिली पुन्हा. बाहेरून ट्रक गेला आणि गाणे त्यात बुडाले तर मुलाने हात झटकला. "ट्रक जाते तं ऐकू येत नाही. काय कामाचे?"

"साहेब, घरात ट्रक थोडीच जाते," दुकानदार म्हणाला.

"माह्या घरून सडक दिसते," मुलगा म्हणाला.

मामा खाली बसून खर्रा घोटत होता. तळहातावर चोळायचा, चिमूट गालात भरायची, आणि दारापाशी, माझ्या पायांपासून हातभर लांब, पचकन थुंकायचे. मी पाय मागे घेत घेत पायरीवर आले होते. दर वेळी तो माझ्याकडे न पाहता थुंके, जशी मी दाराची चौकट.

शेवटी दुकानदाराने आतून सर्वांत मोठी जोडी काढली. "हे सभेचे होयेत जी. घरात शब्द कळनार नाहीत, नुसती धमक येईन."

"धमकच पाहिजे," मुलगा म्हणाला. "पन पाहाची कशी? इथं सगळेच सारखे वाटतेत."

तेव्हा मामाला ती युक्ती सुचली. धान पाखडताना सुपावर दाणे कसे उडतात, तसे म्हणाला. खोका आडवा ठेवायचा, जाळी काढायची, आत आवाजाने थरथरतो त्या काळ्या कागदावर दाणे टाकायचे. ज्याचे दाणे जास्त उडतील तो चांगला. मुलाला हे फार आवडले. दुकानदार नको नको म्हणत असता त्यांनी आधीचा मोठा आणि हा सभेचा, असे दोन्ही खोके जमिनीवर आडवे केले. मग मामाने इकडे तिकडे पाहिले आणि त्याची नजर माझ्या हातावर पडली.

"वहिनी, त्या डबीत तांदूळ होयेत ना? आना इकडे."

मी ह्यांच्याकडे पाहिले. ह्यांनी भिंतीकडे पाहिले. मुलाकडच्या माणसाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मामाने उठून डबी माझ्या हातातून घेतलीच. खर्ऱ्याने ओली, काळपट झालेली ती बोटे त्याने अक्षतांत घातली आणि चिमटीने दाणे काळ्या कागदावर टाकले. गाणे लावले. दाणे जरा हलले. दुसऱ्या खोक्यावर टाकले, ते उडाले. मुलाने मांडीवर थाप मारली.

"नाचून राह्यले, मामा! पाहा, पाहा! आनखीन वाढवा!"

दुकानदाराने बटण फिरवले. आता गाणे राहिलेच नव्हते, नुसता दणदणाट. पायरीवर उभी असताना माझ्या पोटात हादरे बसत होते. दाणे कागदावरून उडून खाली फरशीवर पडले, धुळीत, विडीच्या थोटकांत, मामाच्या पिंकेत. काही कागदाच्या वळीला चिकटून कुंकवाचे डाग सोडून गेले. मामाने डबी उपडी करून उरलेलेही टाकले. तेही उडाले. दोघे हसत होते. दुकानदार हसला नाही. हे तोंड वाकडे करून हसल्यासारखे करत होते, आणि ते मला सगळ्यात घाण वाटले.

मी आत गेले आणि खाली बसून दाणे वेचायला लागले. विचार करून नाही. अक्षता पायाखाली येऊ नयेत एवढेच डोक्यात होते. मुलाच्या चपलेखाली काही दाणे दिसत होते. मी थांबले, तो पाय उचलेल म्हणून. त्याने खाली पाहिले.

"राहू द्या ना वहिनी. झाडू मारतेत इथं."

आणि पाय उचलला नाही. त्याच पायाने ताल धरला. दाणे चपलेखाली करकरले. मला ते त्या दणदणाटात ऐकू आले, हे मी शपथेवर सांगते.

पैसे ह्यांनी मोजले आणि जोडी बसच्या टपावर चढवून घरी आणली. ती आमच्याकडे लग्नापर्यंत राहणार, मग वरातीत जाणार, असे ठरले. वाटेत हे म्हणाले, "घरी काही सांगू नको. पोरं होयेत, करतेत मजाक." वेचून पदरात बांधलेले दाणे मी डबीत भरले.

नणंद चुलीपाशी वाट पाहत होती. लुगडी कशी, शालूचा रंग कोणता, हे विचारता विचारता तिने माझ्या हातातली डबी घेतली आणि उघडली. आत चिरडलेले, मळके दाणे, काहींना तंबाखूचा चुरा लागलेला.

"वहिनी, हे कायचे होयेत?"

मी सांगितले. सगळे सांगितले, पाय कसा उचलला नाही तेही. ती तुकडे बोटाने वेगळे करत ऐकत होती. सुपापाशी बसून करत असे तसेच, पण यातल्या एकाही दाण्याबद्दल 'चालते का' असे तिने मला विचारले नाही. मग म्हणाली, "बाबाले सांगा."

"मी? तूच सांग ना, नेहमीसारखी."

"मी सांगतलं तं म्हनतीन, लगनाची पोरगी नखरे करते. दादा तं बोलनार नाही. तुमीच तिथं होत्या वहिनी."

सासरे सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, जेवायला बसले होते. समोर हे. पलीकडे ते दोन खोके भिंतीला टेकून उभे. मी दाराआड उभी राहिले. मी म्हणाले, "बाबा." सासऱ्यांचा घास हातात राहिला. कोण बोलले ते त्यांना आधी कळलेच नाही.

"मले बोलता येत नाही," मी दाराआडून म्हणाले. "पन तो खोका त्यायनं फिरवून पाह्यला, ठोकून पाह्यला, पुढं आवाज बसनार तं नाही म्हनून इचारलं. आपल्या पोरीले असं कोनी नाही पाह्यलं. तिच्या अक्षता पायाखाली घेतल्या, अन पाय काढला नाही." आणि डबी उंबऱ्यावरून पुढे सरकवली.

सासऱ्यांनी दाणे हातावर घेतले, दिव्याशी नेले. धान पारखायची ती त्यांची सवयच होती.

"खरं होय का गा?" त्यांनी ह्यांना विचारले.

"बाबा, येवढ्याशा गोष्टीसाठी..."

"खरं होय का?"

"हो."

सासऱ्यांनी ताटातच हात धुतला. "उद्या निरोप धाड. बस्ता आमच्याकडून वापस."

मामा भांडायला आला. दोन दाण्यांसाठी लग्न मोडले, सून घरात शिरजोर झाली, असे अंगणात उभे राहून ओरडला आणि जाताना तुळशीजवळ थुंकला. मी ती जागा शेणाने सारवली. हातपंपावर बायका मला पाहून बोलायच्या थांबत. दोन वर्षे नणंदेसाठी कोणी आले नाही आणि त्या दोन वर्षांत मी काय काय ऐकले ते लिहीत नाही. मग आसगावकडचे स्थळ आले. मुलगा धानाची शेती करणारा, जरासा तोतरा. त्याने तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुले कोनती भाजी आवडते. तिने कारले सांगितले आणि सगळे हसले, तोही हसला.

ते स्पीकर आमच्याच घरात राहिले. कागदावर कुंकवाचे डाग पडले म्हणून दुकानदाराने परत घेतले नाहीत. ह्यांना मात्र हळूहळू त्यांचा अभिमान वाटायला लागला. मंडईला मित्र जमले की लावत. फडताळावरची भांडी वाजत, लेकरे दचकून उठत, आणि गाणे कोणते चालले आहे ते कोणालाच कळत नसे. जाळीवरून धूळ पुसायची वेळ आली की मी फडके काडीला गुंडाळून पुसे. हात लावत नसे.

नणंद पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा ह्यांनी कौतुकाने ते लावले. आम्ही दोघी चुलीपाशी अनारसे तळत होतो. मी तिला काहीतरी सांगत होते आणि माझे ओठ नुसते हलत होते. तिने झारा ठेवला, सपरीत गेली आणि बटण बंद केले.

"काहून बंद केलं?" हे म्हणाले.

"वहिनी बोलून राह्यली, दादा," ती म्हणाली. "ऐकू येत नाही."

मी काय सांगत होते ते आता आठवत नाही. सपरीतले खोके बंद झाल्यावरही थोडा वेळ घूं घूं करत होते, आणि अनारसे करपले होते.