अर्धी ओळ मागे

शांतीची वंदना इतक्या संतापून म्हणणारा माणूस आमच्या मोठ्या काकांखेरीज अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. सत्तरच्या दशकात वसाहतीतल्या दोन खोल्यांत त्यांचं आणि आमचं बिऱ्हाड एकत्रच होतं. संध्याकाळी सात वाजले की काका पांढरा सदरा चढवून बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायचे आणि आम्हां पोरांना ओळीत बसवायचे. कुणाची मांडी हलली की मिटल्या डोळ्यांनीच "ए माकडा!" म्हणायचे आणि त्याच दमात प्राणिमात्रांवरच्या करुणेकडे वळायचे. दारात आलेल्या रॉकेलवाल्याचीही सुटका नसे. बिचारा कॅन हातात धरून, मान खाली घालून पंचशील संपेपर्यंत उभा राही.

पण काकांचं खरं दुखणं म्हणजे काकू. घोटीकडची ही बाई वंदनेत कायम अर्धी ओळ मागे, कारण दूध नेमकं तेव्हाच स्टोव्हवर ठेवलेलं असायचं. वंदनेत तीनदा शरण जायचं असतं; दुसऱ्यांदा शरण जाऊन होतंय तोवर दूध वर यायचं आणि काकू उठायच्या.

"अगं, मन एका जागी ठेव जरा!"

"मन ठेवते हो, पण दूध राहतंय का एका जागी? तुम्ही म्हणा, मी गाठते."

मग पदराला हात पुसत येऊन राहिलेली ओळ त्या एकट्याच म्हणायच्या, आणि आम्ही फिदीफिदी हसायचो.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन काकू गेल्या. काका रडले नाहीत. चिडलेही नाहीत, आणि त्याचीच आम्हांला भीती वाटली. सदरा खुंटीवर राहिला. सात वाजता आम्ही सवयीने जमायचो, तर काका भिंतीकडे तोंड करून पडलेले. "काय उपयोग झाला एवढं म्हणून?" एवढंच बोलले. घर नुसतं खायला उठायचं. ज्या वंदनेचा जन्मभर कंटाळा केला, तिच्यावाचून आता संध्याकाळ सरेना.

शेवटी एक दिवस माझ्या आईनेच मेणबत्ती लावली आणि म्हणायला सुरुवात केली. आवाज कापत होता, म्हणून ती भराभरा म्हणत सुटली. दुसऱ्यांदा शरण जाऊन पुढे निघाली, तोच कॉटवरून जुना खणखणीत आवाज आला, "एवढी घाई कसली? तिला येऊ दे की!"

काका उठले, सदरा घातला, पुढ्यात बसले आणि पहिल्यापासून म्हणू लागले. दुसऱ्यांदा म्हणून झाल्यावर थांबले. स्टोव्ह बारीक करून माणूस परत येईल, एवढा वेळ. मग पुढची ओळ. मला तर रडू आवरेना.

तेव्हापासून आमच्या घरात वंदना तिथे थांबते. पुढे चुलतभावाचं लग्न झालं. नव्या सुनेला वाटलं, मामंजी शब्द विसरले. तिने हळूच पुढची ओळ सुचवली. आता काका कडाडणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या.

"विसरलो नाय, पोरी," काका म्हणाले, "थांबलोय."

दुसऱ्या दिवसापासून तीही आमच्याबरोबर थांबू लागली.