सेवाज्येष्ठतेनुसार डुबकी

धुळ्याच्या आमच्या ऑफिसातले आम्ही पाच जण प्रयागच्या कुंभाला गेलो तीनच दिवस. पण टपरीवर त्याचे इतके किस्से झालेत की ऐकणाऱ्याला वाटावं, वर्षभर तिथंच होतो! एरवी मी त्यातले निम्मेच सांगतो. आज सगळे सांगतो.

खरं तर जायचं होतं अक्काला. माझी थोरली बहीण, भडगावला असते. आईमागं तिनंच मला वाढवलं, आणि मागितलं ते आयुष्यात एवढंच. मी म्हटलं, त्या गर्दीत तुला सांभाळू की स्वतःला? गाडीत सीट रिकामी होती, तिच्यावर आम्ही बॅगा ठेवल्या. अक्का रुसली नाही. "मना नावनी डुबकी मारजो भाऊ," एवढंच म्हणाली.

*

सोनगीर मागं पडलं नाही तोच आमचे हेडक्लार्क आबा यांनी डबा उघडला. देवाच्या कामाला उपाशी जायचं नसतं म्हणे. तीन दिवसांच्या कळण्याच्या भाकरी बिजासणच्या घाटातच संपल्या! पुढं सगळा प्रवास नुसत्या ठेच्यावर.

*

मेळ्यात कुणी हरवू नये म्हणून आबांनी बैलाचा दोर आणला होता. पाचही जणांनी तो धरून चालायचं. दोन तासांनी मोजलं तर आम्ही सहा! शेवटी एक अनोळखी म्हातारी. घरची माणसं चुकली, तुम्ही बरे दिसलात म्हणून दोर धरला, म्हणाली.

आम्ही तिला मधे घेतलं, हात धरून घाटापर्यंत नेलं, तिच्या मुलाच्या स्वाधीन केलं. साधं खरचटलंही नाही तिला. आबा कौतुकानं हसत होते. मला मात्र ती रिकामी सीट आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

*

ऑफिसात मागं राहिलेल्या प्रत्येकानं आपल्या नावाची डुबकी सांगितली होती. मी आस्थापनेचा क्लार्क. हाताला वळणच पडलेलं. लिस्ट केली ती सेवाज्येष्ठतेनुसार. आधी साहेब, मग साहेबांच्या घरचे, मग अकाउंटंट, असं खाली खाली. अक्काला कुठलं पद? तिचं नाव आपोआप शेवटी गेलं.

पाणी बर्फासारखं. नाक दाबून एकेक नाव उरकत होतो. तेवढ्यात पोलिसाची शिट्टी झाली आणि मागच्या लोंढ्यानं मला काठावर ढकललं. परत उतरू देईनात. मी हात जोडले, तरी नाही.

साहेबांच्या सासूबाईंची डुबकी झाली, अक्काची राहिली!

*

परतल्यावर भडगावला गेलो. अक्कानं गल्लीभर आमंत्रणं देऊन माझ्या यात्रेचं मावंदं घातलं होतं. खापरावरचे मांडे, खीर. मी तिला आत बोलावलं. खरं ते सांगायचंच, असं वाटेतच ठरवलं होतं.

"अक्का, तुझ्या नावाची डुबकी..."

तिनं माझा हात धरला. डोळे भरले होते तिचे.

"माले माहीत शे भाऊ. त्या दिन सकायले मना आंगवर असा काटा उना! तवयच समजनं, तू मना नावनी डुबकी मारी."