ट्रॉलीवर बुडणारं जहाज

आमच्या गावातून समुद्र बघायचा तर कुंभार्ली घाट उतरून जावं लागतं, आणि तेवढ्यासाठी कोणी जात नाही. तरीही त्या वर्षी आमच्या गणेश मंडळानं देखावा केला तो बुडणाऱ्या जहाजाचा. त्याला कारण मी.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कराडच्या कॉलेजात इतिहास घेऊन बी. ए. झाले, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष घरी येऊन वडिलांना म्हणाले, "आवं तात्या, पोरगी एवढी शिकलीया, औंदा देखाव्याचं निवेदन तिनंच लिहायचं आन् माईकवर तिनंच वाचायचं." दरवर्षी आम्ही किल्ले आणि लढाया करत होतो. शेजारचं गावही तेच करायचं, आणि बक्षीस तेच न्यायचं. मला शिडांची मोठी लाकडी जहाजं आठवली. त्यांची पुस्तकं मला कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंनी शोधून दिली होती. वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी त्या माझ्या डोक्यावरची ट्यूब चालू ठेवायच्या. त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

त्या पुस्तकांतली एक गोष्ट माझ्या मनात बसली होती. लाकडी जहाज जेवढं लांब बांधावं तेवढं ते लाटांवर वाकतं. कधी मधला भाग वर येतो, कधी दोन्ही टोकं. असं वाकून वाकून फळ्यांमधल्या फटी उघडतात. खलाशी पंप मारून मारून थकतात आणि एखाद्या वादळात सगळंच पाण्याखाली जातं. काही जहाजांचं काय झालं हे सांगायला एकही माणूस परत आला नाही. हे शेवटचं वाक्य मी निवेदनात जसंच्या तसं घातलं. मला ते फार आवडलं होतं.

मुरूम वाहायच्या ट्रॉलीवर बांबू आणि प्लायवूडचं जहाज उभं राहिलं. समुद्र म्हणून शेततळ्यात अंथरतात तो निळा प्लॅस्टिकचा कागद. ट्रॅक्टरनं ट्रॉली उचलली की जहाजाचं नाक आभाळाकडे जायचं आणि मागची बाजू कागदाखाली. कप्तान झाला होता सुट्टीवर आलेला एक फौजी. तालमीत तो अडून बसला.

"मी न्हाई बुडणार. पलटणीत कळलं तर काय म्हणतील?"

"आरं गड्या, कप्तानाला बुडावंच लागतंय," अध्यक्ष म्हणाले.

"मग सगळ्यात शेवटी बुडवा."

पहिल्या दिवशी ट्रॉली उचलली, फौजी सलाम ठोकून ताठ उभा राहिला, आणि गर्दीतून त्याची आई ओरडली, "आरं उडी मार की मुडद्या! बघतोस काय?" सगळं गाव हसलं. माझं आवडतं वाक्य त्या हसण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी मी कर्ण्याचा आवाज वाढवून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकी आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला लागला होता. पहिलीच सफर. भर समुद्रात रेंज नसते, त्यामुळे बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. काकी देखावा बघायला आल्याच नव्हत्या. त्यांच्या अंगणात फौजी दिसत नव्हता, हसू पोचत नव्हतं. पोचत होता तो फक्त माझा आवाज.

"कर्णा सुरू झाला की मी मिक्सर लावती," काकी म्हणाल्या. "पर चटणी तरी किती करायची माणसानं? पोरी, तू सांगतीस ते खरं हाय?"

"खरं आहे, काकी."

"एक बी न्हाई आला माघारी?"

खोटं बोलणं मला जमेना. बोटांत बोटं अडकवून मी हात वाकवून दाखवले, फटी कशा पडतात ते. मग म्हणाले, "पण ती लाकडाची होती. आताची पोलादी. पत्र्याला पत्रा वेल्डिंग केलेला. फळ्याच नाहीत तर फटी कुठल्या?"

"वेल्डिंग? आपल्या ट्रॉलीला असतंय तसं?"

"तसंच."

"मग ते सांग की माईकवर! का तेवढंच शिकवायचं राहिलं कॉलेजात?"

मी शेवटी तेवढी दोन वाक्यं जोडली. अध्यक्ष कुरकुरले, "एवढं रडवल्यावर वेल्डिंग कशाला?"

"रडतंय कोण?" फौजी म्हणाला.

त्या संध्याकाळी काकी पहिल्या रांगेत होत्या. जहाज कलंडलं तशा शेजारणीला म्हणाल्या, "हे लाकडाचं हाय. आमचं लोखंडी."

बक्षीस शेजारच्याच गावानं नेलं. विसर्जनानंतर एका दुपारी काकी फोन घेऊन धावत आल्या. "बोल त्याच्याशी! बोल!"

"ताई, आईला काय सांगितलंस गं?" तिकडून तो हसत होता. "मघापासनं वेल्डिंगचंच इचारतीया."

मी सगळं सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुमचं जहाज वाकतं का रे?"

त्यानं आवाज खाली आणला. "वाकतंय की. मोठ्या लाटंत लांबवर बघितलं तर डेक हलताना दिसतोय. आवाज बी करतंय. पहिल्यांदा लय भ्यालो. आईला नको सांगू."

काकी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणतुया?"

"बरा आहे म्हणतोय."

"आन् जहाज?"

"लोखंडाचंच आहे, काकी."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि त्याला विचारलं, "सुट्टी कवा हाय रं?"