पावरची गोळी

जंतू मारण्याचा मला पगार मिळतो. ऊर्जानगरच्या कोळशावरच्या वीज प्लांटमध्ये मी पाणी तपासणारी केमिस्ट आहे. यंत्रं थंड करणाऱ्या पाण्यात शेवाळ आणि जंतू माजू नयेत म्हणून क्लोरीन किती सोडायचं, हे वीस वर्षं बघते आहे. खरं सांगते, आता या कामाचा वीट आलाय. पण सवय अंगात भिनली. जंतू म्हटलं की मारायचा, दुसरं काही सुचतच नाही.

बाबा गेल्यावर आईला नागभीडजवळच्या गावाहून माझ्या क्वार्टरमध्ये आणलं. येताना तिने एक मडकं आणलं. रात्रीच्या भातात पाणी घालून तो मडक्यात ठेवायचा आणि सकाळी आंबूस झाला की मीठ-कांद्याबरोबर खायचा. याला ती बासी म्हणते. जन्मभर तिची न्याहारी तीच. मी आठवड्याभरात मडकं माळ्यावर टाकलं. म्हटलं, असलं आंबलेलं माझ्या घरात चालणार नाही. तिने वाद घातला नाही, मुकाट्याने चहात बिस्किटं बुडवायला लागली.

मग थंडीत तिचा खोकला सुरू झाला. लॅबमध्ये आम्ही दोघीच केमिस्ट, त्यामुळे सुटी मागायची सोय नाही. मी मेडिकलमधून अँटिबायोटिकची गोळी आणायचे. आमच्याकडे तिला पावरची गोळी म्हणतात. साध्या सर्दी-खोकल्याला या गोळ्यांचा उपयोग नसतो, हे माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला ठाऊक होतं. तरी आणायचे. दोन वर्षं, जरा खोकली की गोळी.

यंदा फ्लू आला. आधी मला झाला, माझ्याकडून तिला. मी चार दिवसांत उठून कामाला लागले. तिला धाप लागली आणि दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. ही आता घरी येते की नाही, या एका प्रश्नाने माझं डोकं बधिर झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधीची औषधं विचारली. मी सांगितली, तशा त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"फ्लूचा विषाणू या गोळ्यांनी मरत नाही," त्या म्हणाल्या. "मरतात ते पोटातले उपयोगी जंतू. शरीराची प्रतिकारशक्ती तयारीत ठेवायचं काम तेही करतात, अगदी फुप्फुसातलीसुद्धा. उंदरांना या गोळ्या देऊन आतडी साफ केली, की फ्लू त्यांना जास्त लोळवतो. माणसांत अजून तितकं पक्कं सांगता येत नाही."

"म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

"त्यांचं वयही आहे, इथली हवाही आहे. नक्की कशामुळे, ते मी कसं सांगणार?"

मला कुणीतरी एकदाचं हो किंवा नाही म्हणायला हवं होतं. चिडले मी त्यांच्यावर, उगाचच. आईचं पोट काही आमच्या प्लांटचा पाइप नव्हता, आणि मी मात्र तिथेही क्लोरीन सोडत बसले होते.

सहाव्या दिवशी ऑक्सिजन काढला. आई उशीला टेकून बसली. मी तिच्याजवळ रडले. म्हटलं, चुकलं माझं, घरी गेल्यावर तुझं मडकं काढून देते, पण तू तरी नको म्हणायचं होतंस. कशाला खाल्ल्यास एवढ्या गोळ्या?

"मले का हौस होती?" ती म्हणाली. "मी खोकलली का तू चपला घालून दारातच उभी राहेस. ना घरात येस, ना बाहेर जास. गोळी खाल्ली का मंग तू ड्युटीले जास. तुले सुटी नाई भेटत ना, म्हनून खाऊ."

नजर चुकवायला म्हणून मी वर पाहिलं, तर समोर भिंतीवरचं घड्याळ. दुपारच्या शिफ्टची बस सुटायची वेळ झाली होती. माझ्या नजरेमागोमाग तिनेही घड्याळाकडे पाहिलं.

"जाय," ती म्हणाली. "मले बरं वाटून राह्यलं."

आणि मी गेले.