मारबतीत कोणाला धाडायचे

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारातले पळसाचे मेढे, म्हणजे पोळ्याला रोवलेल्या फांद्या, उपटायचे आणि गावाबाहेर फेकून यायचे. जाताना "घेऊन जाय गे मारबत" ओरडायचे, म्हणजे खोकला, ताप, विंचूकाटा, जे नको ते मारबतीसोबत जाते. आमच्या गावात पहिली हाक केवळरामची. गाव त्याच्यामागून ओरडायचे.

केवळरामच्या धानाच्या बांध्या तलावाच्या पाण्यावर, पण अगदी शेवटी. बहात्तरच्या आधी तलावाची पाळ फुटकी होती, त्याच्या घरी लाखोरीच्या डाळीवर दिवस निघायचे. पंचायत समितीचे सभापती असलेल्या वासुदेवरावांनी सरकारी साहेबाला चिखलात उभे करून पाळ बांधून घेतली. फोटोपुरते टोपले कोणीही उचलते. हा माणूस काम होईपर्यंत उचलत होता. मग केवळरामच्या चुलीवर भात शिजू लागला.

पुढे वासुदेवराव मोठे झाले. त्यांच्या साळ्याने तलावाच्या पोटातच धान लावले. ते बुडू नये म्हणून तो श्रावणातच तुडूम, म्हणजे तलावाचे दार, उघडून पाणी सोडून द्यायचा. वासुदेवरावांना सांगितले की म्हणायचे, "पाहतो." त्र्याऐंशीत ऐन धान निसवताना, लोंब्या बाहेर पडताना, केवळरामच्या बांध्यांना भेगा पडल्या.

चौऱ्याऐंशीच्या पोळ्याला शेजारचा घनश्याम ओसरीवर येऊन बसला.

"काका, उद्या मारबतीत वासुदेवरावाचं नाव घ्या जी."

"काहून? थो का खोकला होय?"

"खोकल्याहून बेकार होय. तुमचं धान कायनं वाळलं?"

"अन् आधी कायनं पिकलं गा?"

"म्हणजे तुम्ही भेले."

"भेलोच तं. तुडूम त्याच्या साळ्याच्या हातात हाये."

केवळरामची बायको धुरपता आतून म्हणाली, "नाव घेतलं तरी पानी जाते, नाही घेतलं तरी जाते. मंग मनातलं तं बोला."

"मनात दोन हायेत ना वो. थेच तं भांडन हाये."

पहाटे मारबत निघाली. वासुदेवराव ओसरीवर राखुंडीने दात घासत होते. त्यांच्या दारासमोर केवळराम थांबला आणि खच्चून ओरडला, "पाळ बांधनारा वासुदेवराव ठेव, तलाव नांगरनारा वासुदेवराव घेऊन जाय गे मारबत!"

एवढी लांब हाक गावाला झेपली नाही. म्हातारे नुसते "ठेव" म्हणाले, पोरे "घेऊन जाय" म्हणाली, आणि नुसता गलका झाला.

वासुदेवराव चूळ थुंकून हसले. "केवळ्या, दोघंही एकाच घरात राहतेत गा. एकाले कसा नेशीन?"

"थे तुम्ही पाहा जी. मले पानी पायजे."

"पाहतो," वासुदेवराव म्हणाले.

त्या साली तुडूम बंद झाले, पण साळ्याचे धान घरी गेल्यावर. केवळरामच्या हाती दाणा नाही, नुसती तणीस आली.

पुढच्या पोळ्याला त्याने हाक आखूड केली. नुसता तलाव नांगरणारा धाडला. गावाने ती एका दमात उचलली.

परत येताना घनश्याम म्हणाला, "काका, पाळ बांधनारा विसरले का जी?"

"नाही गा. सालभर वाट पाहिली. थो घराबाहेर निघालाच नाही."