कादंबरीतली विधवा आणि घरातली

भिलाईला क्वार्टर मिळालं तेव्हा कारखाना अर्धाच उभा होता. घरभर लाल धूळ यायची. आमचे हे दुर्गच्या वाचनालयातून जुन्या कादंबऱ्या आणायचे. प्रेमाच्या, सासुरवासाच्या, विधवांच्या. फर्स्ट शिफ्ट करून आले की दारात खुर्ची टाकून मोठ्याने वाचायचे. मी चौथी शिकलेली, सासूबाईंना अक्षर येत नव्हतं. आम्ही तांदूळ निवडत ऐकायचो. नणंदही ऐकायची. तिचा नवरा लग्नानंतर वर्षभरातच तापाने गेला होता.

तिला एका बिजवराने मागणी घातली. कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर कामाला, आमच्यातलाच, उतईला खोली करून राहणारा. आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न. गावी त्यात कुणाला काही वाटत नसे. पण हे तयार होईनात.

"शेजारी सारे शिकलेले. त्यांच्यात पाट लावतात का? उद्या तोंड कसं दाखवू मी?"

बिजवराचा निरोप आला. रविवारी येतो, हो की नाही ते सांगा. गावी दुसरी मुलगी पाहून ठेवली आहे.

त्या दिवशी नणंदेच्या हातच्या वरणात मीठ नव्हतं. सगळे तसेच जेवले.

शनिवारी हे वाचत होते. कादंबरीतली विधवा दाराआड उभी आणि तिचा माणूस अंगणातून परत चाललेला. ह्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "कावून रडून राहिला रे?"

"आई, पुस्तकातल्या विधवेचं दुसरं लग्न होऊ देत नाहीत."

"मंग पाट लावून द्या म्हना."

"त्यांच्यात पाट नसतो."

"आपल्यात तं हाये. तिच्यासाठी तुले रडू येते, अन् हिच्यासाठी लाज?"

ह्यांनी पुस्तक मिटलं. रात्री जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही. भूक लागली की माणूस जेवतो.

रविवारी सकाळपासून ह्यांची खुर्ची दारातच. पुस्तक हातात, पण वाचनाचा आवाज नाही. हे उठल्याशिवाय कुणाला आत येता येत नव्हतं. नणंद मोरीत एकच पातेलं घासत बसली होती.

फाटकाशी सायकल थांबली. बिजवर टोपी काढून उन्हात उभा राहिला. शेजारच्या दोघी ओट्यावर आल्या. हे मान वर करीनात.

"बाबू, खुर्ची सरकव," सासूबाई म्हणाल्या. "पाहुना उभा हाये."

हे हलले नाहीत. मोरीतला आवाज थांबला. नणंद पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि खुर्चीच्या मागे उभी राहिली.

"दादा, सरक. पानी द्याचं हाये."

मग हे उठले, खुर्ची उचलून भिंतीला लावली. "या," म्हणाले. त्याच्याकडे पाहिलं नाही.

पाट त्याच महिन्यात लागला, दिवसाउजेडी, त्याच दारात. शेजारच्या दोघी जेवायला आल्या. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली.