बुडालेल्या जहाजावरचा कचरा

फुनाबोरीतल्या आमच्या इमारतीच्या कचऱ्याचा कारभार माझ्या नवऱ्याकडे आहे. कोणी काचेच्या कचऱ्याच्या दिवशी प्लास्टिक ठेवलं, की ती पिशवी कुठल्या कोपऱ्यात होती, तोंड कुणीकडे होतं, हे सगळं हा आधी वहीत लिहितो आणि मगच तिला हात लावतो. वीस वर्षं संसार केल्यावर माणूस कशालाही सरावतो, म्हणून मी काही बोलत नाही. म्हणजे रोज बोलत नाही.

माझं वेड वेगळं. बोसोच्या किनाऱ्यापाशी, जेमतेम सात मीटर खोल पाण्यात, एक जुनं लाकडी शिडाचं जहाज बुडालेलं आहे. एक निवृत्त जपानी शिक्षिका आणि त्यांचा डायव्हरांचा छोटा गट दर महिन्याला खाली जाऊन, एकेक फळी मोजून, त्याचं चित्र काढतात. त्या गटात शिरायचं म्हणून दोन वर्षं मी त्यांच्या मागे होते. शेवटी मे महिन्यात सेन्सेईंनी, म्हणजे त्या शिक्षिकाबाईंनी, बोलावलं. एक चौकोन आखून देते, त्यात दिसेल ते सगळं पाण्याखाली लिहायच्या पाटीवर काढून आणा, मग घ्यायचं की नाही ते ठरवू, म्हणाल्या. नियम एकच, कशालाही हात लावायचा नाही.

खाली जोडीनेच जावं लागतं आणि माझी जोडी लग्नातच ठरलेली. नवरा डायव्हिंग शिकला ओकिनावाच्या कोमट पाण्यात. इथलं पाणी सोळा अंश. जाड सूट चढवताना तो असा कण्हत होता, की होडीवाल्याने दोनदा चौकशी केली. त्याला मी दोनच गोष्टी बजावल्या होत्या: माझ्याजवळ राहा आणि थंडीबद्दल बोलू नकोस. दुसरी पाण्याखाली आपोआप साधली.

खाली हिरवट, गढूळ उजेड होता. वाळूतून जहाजाच्या फासळ्या वर आल्या होत्या. मी त्यांच्यावर तरंगत एकेक फासळी पाटीवर काढत होते. गारठलेल्या बोटांतून पेन्सिल सुटत होती, पण इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. नवऱ्याकडे मी एकदाही वळून पाहिलं नाही. तिथेच चुकलं.

होडीत आल्यावर त्याने कमरेची जाळीची पिशवी उघडली आणि ऐवज मांडला: कॉफीचा डबा, गळाच्या दोरीचा गुंता आणि मान तुटलेली हिरवी बाटली. डबा बुधवारी जाईल, काच शुक्रवारी, दोरीचं मात्र विचारावं लागेल, असंही अभिमानाने सांगितलं.

सेन्सेईंनी बाटली दोन्ही हातांनी उचलून समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवली. ती जहाजावरची होती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे मला ठाऊक होतं. सात मीटर खाली गेल्यावर तरी ती जाईल असं मानलं, हा माझा मूर्खपणा. मला इतका राग आला होता, की मराठीतसुद्धा शब्द फुटेना.

बाटली नेमकी कुठे होती, असं सेन्सेईंनी विचारलं. नवऱ्याने खाली मान घालून आपली पाटी पुढे केली. तिसरी फासळी, तिच्या डावीकडे एक वीत, फळीवर आडवी, तोंड किनाऱ्याकडे. वीत म्हणजे किती, ते त्याने पंजा पसरून दाखवलं.

मग त्यांनी माझी पाटी मागितली. तिसरी फासळी सुबक आली होती. तिच्या डावीकडची फळी रिकामी होती.

"तुम्हाला दिसली नाही?" सेन्सेईंनी विचारलं.

"दिसली," मी म्हणाले. "कचरा वाटला, म्हणून चित्रात घेतली नाही."

त्याने कचरा समजून उचलली आणि मी कचरा समजून वगळली. त्याने निदान लिहून तरी ठेवलं होतं.

दुपारी आम्ही पुन्हा खाली गेलो. त्याची पाटी माझ्या हातात, आणि तो सेन्सेईंच्या हुकमाने दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या मागे. फळीवर बाटलीएवढी एक जागा शेवाळाविना स्वच्छ होती. बाटली तिथे बरोबर बसली. मग मी ती चित्रात काढली.

वर आल्यावर सेन्सेईंनी पुढच्या महिन्याची तारीख सांगितली. मी वाकून आभार मानत होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "यांनाही आणा. चित्र तुम्ही काढा, बघायचं काम यांच्याकडे."

घरी आल्यावर नवरा कॉफीचा डबा धुवायला गेला. चपलांच्या कपाटावर त्याची वही नेहमीसारखी पडली होती. इतकी वर्षं मी तिला हसत आले, पण कधी उघडली नव्हती. तारीख, कोपरा, काचेत प्लास्टिक, घर क्रमांक ३०४. पान उलटलं. पुन्हा ३०४. पुढेही बहुतेक ३०४च.

३०४ म्हणजे आम्ही, आणि आमच्याकडे पिशव्या मी भरते. प्रत्येक नोंदीपुढे त्याने एकच शब्द लिहिला होता: निस्तरलं.